माप बरोबर होतं, टायर नऊ वर्षांचा होता

जुलै 2023 मधली गोष्ट. गगनबावड्याच्या बाजूला एका वाडीत म्हैस अडली होती. मी पशुवैद्यक आहे, त्यामुळे अशा वेळी पावसाचं कारण सांगून चालत नाही. म्हैस सुटली, रेडकू उभं राहिलं आणि संध्याकाळी मी कोल्हापूरकडे निघाले. असळज मागे टाकलं आणि मागच्या डाव्या चाकातून थप-थप असा आवाज यायला लागला. चिखल अडकला असेल असं वाटलं. दोनेक मिनिटांत तो आवाज वाढला, मग काहीतरी सपकन पत्र्यावर आपटलं आणि गाडीचा मागचा भाग डावीकडे ओढला गेला. ऊस वाहतुकीचा हंगाम नव्हता, समोरचा रस्ता मोकळा होता, म्हणून मी आज हे लिहिते आहे.

खाली उतरून पाहिलं तर टायर पंक्चर झालेला नव्हता. त्याचं नक्षीचं रबर, वरचा सगळा पट्टाच, वीतभर रुंदीने सुटून लोंबत होता आणि आतल्या तारा दिसत होत्या. पाच महिन्यांपूर्वी 'नवीन इंपोर्टेड' म्हणून घेतलेला टायर.

माझी गाडी 2021 ची डिझेल थार, फोर बाय फोर. सेकंडहँड घेतली तेव्हाच तिला दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारे भाग, बसवलेली होती. कंपनीच्या मापाचे टायर, 255/65 आर 18 (रुंदी 255 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 65 टक्के, रिम 18 इंचांची), झिजत आले होते. उचललेल्या गाडीच्या मडगार्डात ते टायर लहान दिसतात हे खरं, पण मला दिसण्याशी देणंघेणं नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यात वाडीवरच्या वाटा जांभ्याच्या लाल चिखलाच्या होतात, मधे ओढे लागतात. लिफ्टने गाडीची बॉडी वर जाते, पण मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा होता तिथेच राहतो, आणि दगडाला घासतो तो तोच. त्याला वर उचलायचं तर मोठा टायर हाच उपाय. एवढं मला माहीत होतं आणि तेवढ्याच ज्ञानावर मी फेब्रुवारीत पुण्याला गेले.

हायवेलगतचं मोठं दुकान. बाहेर पाच-सहा उचललेल्या गाड्या, आत भिंतभर रिम. दुकानदाराने पहिला तासभर फक्त मापावर बोलून काढला आणि इथेच मी फसले. तो खोटं काहीच बोलत नव्हता. 285/70 आर 17 घेतला तर चाकाचा व्यास 789 वरून 831 मिलिमीटर होतो, म्हणजे गाडी 21 मिलिमीटर वर जाते, हे त्याने कागदावर गुणाकार करून दाखवलं. स्पीडोमीटरवर 100 दिसेल तेव्हा खरा वेग 105 असेल, किलोमीटर कमी मोजले जातील म्हणून अ‍ॅव्हरेज आहे त्याहून वाईट दिसेल, हेही त्याने आपणहून सांगितलं. तोट्याची बाजू स्वतः सांगणाऱ्या माणसावर आपला विश्वास बसतोच. मी त्याला माप, नक्षी, ऑफसेट (रिम किती आत किंवा बाहेर बसेल ते) सगळं विचारलं. टायर कधी बनला आहे, हा एक प्रश्न सोडून.

"मॅडम, हे 10 प्लाय आहेत, फुटायचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. नंतर कळलं की 10 प्लाय म्हणजे आत दहा थर असतात असं नाही. तो टायरच्या ताकदीचा वर्ग आहे. माझ्या टायरवर 121 हा लोड इंडेक्स होता, म्हणजे एकेका टायरची क्षमता 1450 किलो. थारला त्याची गरजच नाही, उलट असा टायर जड आणि कडक असतो. पण आकडा मोठा असला की ऐकायला बरं वाटतं.

दुसरं वाक्य असं होतं, "इंपोर्ट बंद झालंय, हा माल परत येणार नाही." हे अर्धं खरं होतं. जून 2020 मध्ये केंद्राने टायरची आयात 'मुक्त' यादीतून काढून 'निर्बंधित' यादीत टाकली, त्यामुळे परदेशी टायर आणायला परवाना लागू लागला. मोठ्या मापाचे परदेशी टायर दुर्मिळ झाले ते तेव्हापासून. मी त्यातून एवढाच अर्थ घेतला की लवकर घ्यायला हवं. जो माल येत नाही तो या दुकानात कधीपासून पडून असेल, हा विचार तेव्हा डोक्यात यायला हवा होता.

चार टायर आणि चार अलॉय रिम मिळून 1 लाख 78 हजार. कंपनीचे रिम-टायर त्याने 30 हजारांत वळते करून घेतले. स्टेपनी बदलू नका, कशाला खर्च, असंही वर सांगितलं. बिल मागितलं तर म्हणाला, "28 टक्के जीएसटी लागेल, तुमचेच पैसे वाचवतोय." हातात एक एस्टिमेटचा कागद दिला, त्यावर जीएसटी नंबर नाही, टायरचे नंबर नाहीत. टायर काळेभोर चमकत होते, त्यांवर स्टिकर होते. मी पैसे फोनवरून पाठवले. पुढे त्या व्यवहाराचा तेवढाच पुरावा उरला.

परत येताना साताऱ्याच्या आधीच 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. फोन केला तर उत्तर आलं की टायर मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे, आहेत, आवाज येणारच. मड टायर घोंघावतात हे खरं आहे. पण घोंघावणं वेगळं आणि थरथरणं वेगळं. ज्यांनी हे टायर कधी वापरले नाहीत त्यांना हा फरक ठाऊक नसतो, आणि त्या एका उत्तरावर माझे पाच महिने गेले. मधे दोनदा बॅलन्सिंग केलं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

त्या संध्याकाळी स्टेपनी लावली ती जुन्या मापाची. एका बाजूला 831 मिलिमीटरचं चाक, दुसऱ्या बाजूला 789 चं. थारमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही. त्यामुळे अशा स्थितीत फोर व्हील लावली तर सगळा ताण पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद पोचवणाऱ्या ट्रान्सफर केसवर येतो. म्हणजे ज्या चिखलासाठी हा खर्च केला, त्या चिखलात स्टेपनीवर जाताच येणार नव्हतं. टू व्हीलमध्येच, तीसच्या वेगाने, कळे गावापर्यंत आले.

तिथल्या पंक्चरवाल्या काकांनी टायर रिमवरून काढला, उलटा केला, फडक्याने पुसला आणि मला हाक मारली. "ताई, हितं बघा. ह्यो टायर चौदा सालचा हाय."

टायरच्या बाजूला डॉट (DOT) अशी अक्षरं असतात, त्यापुढच्या मजकुराच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर 0814 होतं. 2014 चा आठवा आठवडा. विकत घेतला तेव्हा बरोबर नऊ वर्षांचा. हे अंक बहुतेक टायरांच्या एकाच बाजूला असतात, आणि दुकानदाराने ती बाजू आत, गाडीच्या पोटाकडे बसवली होती. वाकून, टॉर्च घेऊन पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. काकांनी बाकीची तीनही चाकं उतरवली. दोन टायर 2015 चे निघाले. चौथ्यावरचे अंक घासून काढलेले होते, बोट फिरवलं तर तिथे गुळगुळीत लागत होतं.

मग त्यांनी मला खाचा दाखवल्या. प्रत्येक टायरच्या खाचेच्या तळाशी जागोजागी एक आडवी उंच पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली, म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, की टायर संपला. माझ्या दोन टायरांवर ती पट्टी मधोमध कापलेली होती. म्हणजे ते नुसते जुने नव्हते, वापरून झिजलेले होते, आणि गरम पात्याने खाचा पुन्हा खोल खोदलेल्या होत्या. वर काळं पॉलिश. काकांनी पेट्रोलचा बोळा फिरवला आणि बाजूच्या रबरावर केसांसारख्या बारीक भेगांची जाळी उघडी पडली. रबर उन्हाने, हवेने, नुसतं पडून राहूनसुद्धा कडक होतं आणि आतल्या तारांना धरून ठेवायची त्याची ताकद जाते. म्हणून टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि नक्षी कितीही उरलेली असो, दहा वर्षांनी बदला असं सांगतात. टायरवर आयएसआयचा शिक्काही नव्हता. आपल्याकडे विकायच्या कारच्या टायरवर तो बंधनकारक आहे.

चाकं उतरवल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. प्रत्येक चाकामागे इंचभर जाडीचा स्पेसर, म्हणजे धातूची चकती. मला न सांगता बसवलेला. रिमचा ऑफसेट थारसाठी चुकीचा होता, चाक आतल्या भागांना घासत होतं, म्हणून स्पेसर घालून ते बाहेर ढकललेलं. रिमचं मधलं भोकही हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागापेक्षा, मोठं, त्यात फट भरणारी रिंग नाही. चाक हबवर टेकलेलंच नव्हतं, नुसत्या नटांवर लटकत होतं. थरथर तिथून येत होती.

माझा चुलतभाऊ शिरोलीला फाउंड्रीत क्वालिटीला आहे. त्याने एक रिम नेला. मागून बघताच म्हणाला, "तायडे, ह्यावर काहीच शिक्का नाही." चांगल्या अलॉयच्या मागे किती वजन पेलेल ते ओतलेलं असतं, बऱ्याचशांवर जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा शिक्का असतो. त्याने रिम साफ करून त्यावर भेगा शोधायचा लाल डाय लावला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. काही मिनिटांत एका नटाच्या भोकापासून निघालेली लाल रेघ पांढऱ्यावर उमटली. बोटाच्या पेराएवढी लांब. ती रेघ पाहताना मला त्या टायर सुटण्यापेक्षा जास्त भीती वाटली, कारण माझी मुलगी दर रविवारी त्या गाडीत बसत होती.

दुकानदाराला फोटो पाठवले. आधी म्हणाला, तुम्ही बदलले असतील. मग म्हणाला, बिल दाखवा. वकील मैत्रिणीने सांगितलं की बिल नसलं तरी बँकेची नोंद, एस्टिमेट आणि 'ब्रँड न्यू' असं लिहिलेले त्याचे मेसेज कामाला येतात. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली, नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हेही तेव्हाच कळलं. तिनेच आणखी एक गोष्ट ऐकवली, जी मला दुकानात कोणी सांगितली नव्हती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून गाडी बदलता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलं आहे, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. त्या दिवशी अपघात झाला असता तर विमा कंपनीने पहिला प्रश्न टायरचाच काढला असता.

मी लिफ्ट काढून टाकली. जुने कंपनीचे रिम शोधून घेतले आणि 255/65 आर 18 मापाचेच ऑल टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांचे, टायर, पाच. दुकानात प्रत्येक टायर जमिनीवर आडवा ठेवायला लावला, चार अंक स्वतः वाचले, बिलावर लिहून घेतले, मगच रिमवर चढवू दिले. वाडीच्या वाटेवर दोन ठिकाणी आता गाडी खाली ठेवून पायी जावं लागतं. जाते.

नोटिशीनंतर दुकानदाराचा फोन आला. 60 हजार देतो म्हणाला, पण एक अट होती, चारही टायर आणि रिम परत हवेत. सुटलेला टायरसुद्धा. मी विचारलं, फाटलेल्या टायरचं काय करणार? तो गप्प राहिला. मैत्रिणीने अट मान्य केली नाही, शेवटी 60 हजार अटीशिवाय आले. बाकीचे बुडाले.

त्या रविवारी भावाने शिरोलीहून ग्राइंडर आणला. आम्ही चारही टायरांच्या बाजू गोल कापल्या, रिमवर आडवे काप घेतले आणि मगच भंगारवाल्याला बोलावलं.