जांभ्याच्या जुन्या घरासाठी एनएचएल ३.५ चुना: महाग आहे, पण घ्यावा का?

कोकणात किंवा गोव्यात जांभ्याचं जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करून विकायचं किंवा होमस्टेला लावायचं, या व्यवहारात पैसा वाया जातो तो भिंतींवर. लोणा लागलेला गिलावा खरवडायचा आणि पुन्हा सिमेंटच थापायचं, ही नेहमीची पद्धत. जांभा सच्छिद्र, जोत्यातून ओल चढतेच. सिमेंटने तिची वाट बंद केली की ती आणखी वर जाते, क्षार गिलाव्यामागे साचतात आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात. असा पोपडा उचकटून मागे बोट फिरवा, पांढरी भुकटी लागते. तुळयांची भिंतीतली टोकं कुजतात तीही याच कोंडलेल्या ओलीने.

इथे एनएचएल ३.५ हा नैसर्गिक हायड्रॉलिक चुना खरोखर उपयोगी पडतो. कळीचा चुना विझवून, मुरवून केलेला साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, जाड थरात त्याला महिने लागतात. एनएचएल पाण्यानेच धरू लागतो, म्हणजे घट्ट होऊ लागतो, तरी ओल बाहेर पडू देतो. नावातला ३.५ म्हणजे २८ दिवसांनंतरची दाब सोसण्याची किमान ताकद, मेगापास्कल या एककात. ती प्रयोगशाळेतल्या मिश्रणाची. साइटवर ती कमीच भरते आणि जांभ्याला तेच मानवतं, कारण गिलावा चिऱ्यापेक्षा मऊ असायला हवा.

पोत्यावर नीट 'एनएचएल' लिहिलेलं बघा. नुसतं 'एचएल' किंवा 'लाइम बेस्ड' असेल तर आत सिमेंट मिसळलेलं असू शकतं, म्हणून माहितीपत्रक मागाच.

प्रमाण घनफळाने: एक भाग चुना, अडीच भाग चाळलेली, जाडीभरडी वाळू. १०० चौरस फुटांना २० मिमी जाडीसाठी २५ किलोची साधारण दोन पोती आणि सात घनफूट वाळू. बाहेरच्या भिंती १२०० चौरस फूट असतील तर २४ ते २६ पोती धरा. दरजा खोल गेल्या असतील तर आधी त्या वेगळ्या भरून घ्या, नाहीतर हा हिशेब कोलमडतो.

बिघडतं ते बहुधा वाळूने. बाटलीत वाळू आणि मिठाचं पाणी हलवून तीन तास ठेवा. दहा सेंमी वाळूवर एक सेंमीच्या आसपास गाळ बसला तर ती वाळू परत पाठवा. दुसरी चूक कोरड्या भिंतीची. चिरा गिलाव्यातलं पाणी ओढून घेतो आणि चुना धरण्याआधीच भुगा होतो. आदल्या संध्याकाळी आणि कामाआधी भिंत भिजवा, पण वर पाणी चमकत असताना थापू नका.

थर तीन: छपका (भिंतीवर फेकून मारलेला पहिला पातळ थर) ४ मिमी, मधला १०, वरचा ६. मिलिमीटरमागे एक दिवस थांबायचं, म्हणजे एकूण २० दिवस. मधल्या थरात नखाची खूण उमटते पण बोट रुतत नाही, तेव्हा रंधा फिरवून तो खरबरीत करायचा. प्रत्येक थरावर किमान तीन दिवस ओलं गोणपाट आणि बारीक फवारा. पंखे लावून वाळवलेला गिलावा हमखास तडकतो.

किंमत सिमेंटच्या कितीतरी पट आहे, शिवाय हे २० दिवस कर्जाच्या व्याजात मोजावे लागतात. म्हणून सगळ्या घराला लावणं गुंतवणूकदाराला परवडत नाही. बाहेरच्या भिंती आणि आतून जोत्यापासून चार फुटांपर्यंतचा पट्टा यालाच तो वापरा, वरच्या कोरड्या भिंतींना मुरवलेला चुना पुरतो. कामाचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वर पुट्टी किंवा प्लास्टिक पेंट लावलात तर सगळा खर्च पाण्यात. चुन्याच्या सफेदीचे तीन-चार हात द्या.

आणि अंगण जोत्याच्या वर आलं असेल किंवा कौलांची पागोळी भिंतीला लागत असेल, तर पोती मागवण्याआधी ते दुरुस्त करा. वरून ओतणारं पाणी हा चुना थोपवत नाही.