पोळा ते मृग: जळगावच्या वन बीएचकेतली पाच झाडं

पोळ्यानंतरच्या रविवारी नर्सरीतून चार झाडं आणली, पाचवं शेजारच्या काकूंनी फांदी तोडून दिलं. आता मृग लागलाय. म्हणजे पाऊस, थंडी आणि आमचा मे, असं सगळं झाडांनी घरातच काढलं. पाचातली चार आहेत. एक गेलं, तेही माझ्याच हातानं.

घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेची. मार्चनंतर दुपारी तिथे अनवाणी पाय टेकवत नाही, तिथे कुंडी काय टिकणार? त्यामुळे सगळा संसार हॉलच्या खिडकीपाशी. स्नेक प्लांट १५०, झेडझेड २५०, पीस लिली १२०, स्पायडर प्लांट ८०. मनी प्लांट अर्थात फुकट.

पहिली चूक मातीची. माहेरचं शेत आहे, तर माती विकत कशाला घ्यायची, म्हणून वडिलांकडून गोणीभर काळी माती आणली. जिच्यात कपाशी येते, तिच्यात झेडझेड का नाही येणार? पण शेताला खाली वाव असतो, कुंडी आठ इंचांची. भाद्रपदात ती माती आठ-आठ दिवस चिखलच राहायची. वरून सुकली की भेगा पडायच्या आणि कुंडीची कड सोडून आत आकसायची. मग घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खालच्या ताटलीत. ताटली भरलेली बघून मी खूश, आणि मधला गोळा कोरडा ठणठणीत.

ऑक्टोबरमध्ये झेडझेडची एक काडी पिवळी पडली आणि धरताच हातात आली. कुंडी उपडी केली. याला खाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यातच ते पाणी साठवतं. दोन कंद पिचपिचीत झालेले, नासक्या कांद्यासारखा वास. अमळनेरहून सासूबाई आल्या होत्या, त्यांनी मागून बघितलं आणि म्हणाल्या, "आते त्याले पानी देवू नको." सडकं कापलं, उरलेलं दोन दिवस सावलीत वाळवलं आणि दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग धुतलेली जाड वाळू, एक भाग गांडूळखत अशा मिश्रणात लावलं. दोन महिने ढिम्म. संक्रांतीनंतर नवा कोंब आला. आता थंडीत महिन्यातून एकदा आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी, तेही बोट दोन पेरं आत खुपसून कोरडं लागलं तरच. स्नेक प्लांटचंही तेच. त्याच्याबद्दल लिहावं असं काही घडलंच नाही, हीच त्याची तारीफ.

कूलरचं मात्र सविस्तर सांगते, कारण झाडांचे व्हिडिओ करणाऱ्यांच्या घरी कूलर नसावा. एप्रिलमध्ये तो लागला आणि पीस लिली नेमकी त्याच्या झोतात होती. झोतात पानांतलं पाणी भराभर उडतं, संध्याकाळी पानं लोळायची. मला वाटायचं तहान लागली, मी तांब्याभर ओतायची. पीस लिली तहानेनंही मान टाकते आणि मुळं कुजल्यावरही, दिसायला सारखंच. तीन आठवड्यांत संपली. तोच कूलर, पण झोताबाहेर कोपऱ्यात फ्रिजवर ठेवलेला मनी प्लांट त्या दमट हवेत मेमध्ये दोन हात वाढला.

दुसरं म्हणजे कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालू नका. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून मी तेही वाया घालवत नव्हते. पण पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच राहतात, ते दिवसेंदिवस घट्ट होत जातात. स्पायडर प्लांटची टोकं करपली, मातीवर पांढरी साय आली. कुंडी मोरीत नेऊन साध्या पाण्यानं तीनदा धुऊन काढली. जळकी टोकं परत हिरवी होत नाहीत, नवी पानं मात्र स्वच्छ आली.

फेब्रुवारीत मनी प्लांटच्या पेरांत कापसासारखं पांढरं दिसलं. वडिलांनी लांबूनच ओळखलं, "पिठ्या ढेकूण आहे. कपाशीवर येतो, त्याचाच भाऊबंद." कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसलं, मग लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, दर आठवड्याला. महिनाभरात गेला.

हवा शुद्ध होते म्हणून घ्या, असं नर्सरीवाला सांगेल. त्यामागे नासाचा १९८९चा अभ्यास आहे, पण तो बंद पेटीत केलेला. खिडक्या उघड्या असलेल्या घरात दोन-चार कुंड्यांनी फरक पडत नाही. आवडतात म्हणून घ्या. घरात रांगतं मूल असेल तर मनी प्लांट आणि पीस लिली उंचावर ठेवा, पान चावलं की तोंडाची आग होते.

लिलीची कुंडी रिकामी होती. सासूबाईंनी न विचारता त्यात पानओव्याची काडी खोचून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. त्याला ना माझं मिश्रण, ना वेळापत्रक. परवा पाऊस आला तेव्हा त्याची भजीसुद्धा झाली.