कुरणासाठी युरिया: गोणी स्वस्त, पण खाणारी तोंडे हवीत

मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या कुरणावर युरिया टाकणे परवडते का, याचे उत्तर केवळ गोणीच्या किमतीत शोधणारा हमखास फसतो, कारण युरियाने गवत वाढते, आणि त्या गवताचे वजनात रूपांतर व्हायला ते वेळेवर खाणारी जनावरे लागतात.

माल म्हणून युरियाविषयी माझी फारशी तक्रार नाही. त्यात 46 टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे 50 किलोच्या गोणीत 23 किलो. वाढीच्या हंगामात, जमिनीत ओल असताना, किलोभर नत्रामागे सुक्या वजनाचे 20 किलो जादा गवत मिळाले तर ते उत्तम समजावे; म्हणजे गोणीमागे 460 किलो. त्यातले निम्मे तुडवून, शेणाने खराब होऊन किंवा जून होऊन वाया जाते असे धरले, आणि वाढत्या जनावराला किलोभर वजनासाठी साधारण 10 किलो सुका चारा लागतो असे मानले, तर गोणीमागे 23 किलो वजनवाढ होते: एक किलो नत्राला एक किलो जिवंत वजन. किलोभर नत्राचा भाव आणि किलोभर जिवंत वजनाचा भाव यांतल्या फरकातूनच खत फेकण्याची मजुरी, जादा जनावरांत अडकलेल्या पैशाचे व्याज आणि मरतूक भागवायची असते. गुरे तेवढीच ठेवून खत टाकले, तर गवत उभ्याने वाळते. पहिल्या वर्षी मी नेमके हेच केले.

दोष खरा आहे तो एकच. उष्ण, कोरड्या हवेत वरच पडून राहिलेल्या युरियातले बरेच नत्र अमोनिया होऊन उडते, म्हणून तो पावसाच्या तोंडावरच टाकावा. कुरणात एक तृतीयांश क्लोव्हर (हवेतले नत्र जमिनीत आणणारी द्विदल चारा वनस्पती) असेल, तर गोणी विकत घेऊच नये. ते काम त्याच्या मुळांवरच्या गाठी करतात. मिश्र खताचा मोहही माती परीक्षणाआधी नको, कारण चरणारी गुरे त्यातल्या स्फुरद-पालाशाचा (फॉस्फरस-पोटॅशचा) बहुतेक भाग शेणमूत्रातून परत देतात (दुर्दैवाने सावलीत आणि पाणवठ्यापाशीच अधिक).

आता मी सगळ्या कुरणावर खत टाकत नाही. हंगामाच्या सुरुवातीला जिथे गवत आठ-पंधरा दिवस आधी आले तर विकतचा चारा वाचतो, तेवढ्याच तुकड्यांसाठी गोण्या आणतो, आणि त्यांची किंमत मांसाच्या भावाशी न ताडता त्या चाऱ्याच्या भावाशी ताडतो.