२६/११ नंतर: दारावरची तपासणी की कडक कायदा?

२६ नोव्हेंबर २००८ ला सुरू झालेल्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचा जीव गेला. त्यानंतर आलेल्या दोन उपायांची किंमत नागरिकांनी आपल्या मोकळेपणातून मोजली. हिशेब मात्र दोन्हींचा वेगळा.

तपासणीचं थोडक्यात सांगतो. सीएसएमटीवर गर्दीच्या वेळी मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून लोंढा जातो, यंत्र पीं पीं करत राहतं, मान वर करून कुणी बघत नाही. मॉलमध्ये बॅगेची चेन उघडायची, लावायची, पुढे सरकायचं. जाच सगळ्यांना, पण मिनिटभराचा.

कायद्याचं तसं नाही. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने यूएपीए, म्हणजे दहशतवादाच्या खटल्यांत लावल्या जाणाऱ्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, दुरुस्ती केली. आरोपपत्राविना कोठडी १८० दिवसांपर्यंत लांबवता येऊ लागली. आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले तर जामीन नाही. इथे जाच मोजक्यांना, पण वर्षानुवर्षांचा. उद्या निर्दोष सुटलात, तर ती वर्षं कोण भरून देणार? खटला रेंगाळला आणि माणूस दीर्घकाळ तुरुंगात असला तर या कायद्यातही जामीन देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करेपर्यंत २०२१ उजाडलं.

कटाचे धागे परदेशात असले की तपासाला वेळ लागतो, हे मान्य. तरी माझं मत तपासणीच्या बाजूने. पण नीट केलेल्या, मान वर करून केलेल्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी जिवाची बाजी लावून पकडलेल्या कसाबवर फेब्रुवारी २००९ मध्येच आरोपपत्र दाखल झालं. १८० दिवस लागलेच नाहीत.