सोलापूरचं ऊन आणि २५ लिटरचा आइसबॉक्स: वर्षभर वापरून

आमच्या टीमचं काम शहराच्या सांडपाण्यातून साथीच्या रोगांचा माग काढण्याचं. पोलिओ, कोविड यांचे विषाणू शौचावाटे गटारात उतरतात, पुष्कळदा माणूस दवाखान्यात जाण्याच्या आधीच. पोलिओची लागण झालेल्या साधारण २०० जणांत एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो, बाकीच्यांची खबर फक्त गटाराला असते. म्हणून तर मुंबईत पोलिओसाठी सांडपाण्याची तपासणी २००१ पासून होते आहे. आम्ही नमुने सोलापुरात घेतो आणि तपासायला पुण्याला पाठवतो. मधे अडीचशे किलोमीटरचा रस्ता आहे आणि मे महिना आहे.

पहिली पेटी थर्माकोलची होती. चिकटपट्टी गुंडाळून पाठवली. पुण्यात उघडली तेव्हा आतला थर्मामीटर १९ अंश दाखवत होता (नमुना गार राहिला नाही तर त्यातला विषाणू तपासणीत सापडत नाही), एक बाटली आडवी होऊन झिरपली होती. सगळे नमुने बाद झाले. ते बाद झाले याचं मला दुःख नाही. तपासले गेले असते आणि ‘विषाणू आढळला नाही’ असा अहवाल आला असता, तर मी त्यावर विश्वास ठेवला असता, ही भीती त्या दिवसापासून मनातून गेलेली नाही.

त्यानंतर नवी पेठेतल्या एका दुकानातून हा निळा, जाड भिंतींचा आइसबॉक्स घेतला. आइस्क्रीमवाले आणि केटरिंगवाले नेतात तोच. झाकणाला आतून रबरी पट्टी आहे आणि दोन्ही बाजूंच्या कड्या लावल्या की ती गच्च बसते. हीच याची खरी किंमत. पहाटे सहाला पंपिंग स्टेशनवर चेंबर उघडणारे मामा दोरीला बांधलेली बादली खाली सोडतात, बाटली भरतो, बाहेरून पुसतो, दोन पिशव्यांत घालून उभी ठेवतो. बाटल्यांभोवती आइसपॅक लावतो, पण मधे जाड पुठ्ठा घालूनच. फ्रीझरमधून काढलेला पॅक थेट टेकला तर नमुना गोठतो, आणि गोठून वितळला की विषाणूचा आरएनए, म्हणजे ज्यावरून तपासणीत तो ओळखतात तो जनुकीय धागा, तुटतो. गेल्या मेमध्ये पारा ४३ वर असताना ही पेटी दुपारी पुण्यात पोचली, आत ५ अंश. त्या संध्याकाळी रिकामी पेटी परत आली तेव्हा पॅक चाचपून मामा म्हणाले, “मॅडम, अजून कडक हाय बघा.” मला भरून आलं.

आतला पृष्ठभाग गुळगुळीत आहे, हायपोक्लोराइटने (जंतुनाशकाने) पुसला तरी पांढरा राहतो. थर्माकोल पुसताच येत नव्हतं, दाण्यांत घाण मुरायची.

तक्रारी दोन. तळाशी पाणी काढायचं बूच आहे. केटरिंगवाल्याला ते सोयीचं असेल, आम्हाला धोक्याचं. एखादी बाटली फुटली तर तेच मैला पाणी गाडीत सांडणार. मी ते आतून-बाहेरून एम-सील लावून बुजवलं, वर्षभर टिकलंय. दुसरी तक्रार हँडलची. भरलेली पेटी एकट्याने उचलली की तारेचं हँडल बोटांत रुततं. आम्ही त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आहे.

आणखी एक, जे पेटीवर लिहिलेलं नसतं: आदल्या रात्री आत दोन आइसपॅक ठेवून ती थंड करून घ्या. तापलेल्या पेटीत ठेवलेला बर्फ आधी तिच्या भिंतीच गार करण्यात संपतो. आमच्याकडे रात्री ऑफिसची खोलीही भट्टीसारखी असते, त्यामुळे हे चुकवून चालत नाही.

पेटी घ्यावी का? जिल्ह्यात कुणी रक्ताचे, पाण्याचे, मैल्याचे नमुने लांब पाठवत असेल तर जरूर घ्यावी. पण रोज दोनच बाटल्या असतील तर २५ लिटर फार होतात, मोकळ्या जागेत बाटल्या हलत राहतात. बार्शी आणि पंढरपूरसाठी मी लहान आकाराच्या दोन सांगितल्या आहेत, बूच नसलेल्या. दुकानदार म्हणाले, मागवून देतो.