मानसिक आजारासह नोकरी शोधताना: एका साहाय्य सेवेचे परीक्षण

द्विध्रुवी विकाराचे (बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्तेजित तर कधी खोल उदास होण्याच्या आजाराचे) निदान झालेल्या माणसाला नोकरी शोधताना ज्या अडचणी येतात, त्यांतल्या बऱ्याचशा अडचणींचा कामातल्या कौशल्याशी काहीच संबंध नसतो. बायोडेटामधल्या मोकळ्या काळाबद्दल विचारले तर काय सांगायचे, रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी किती वाजता उतरते, रक्ततपासणीसाठी सुट्टी मागताना कारण द्यायचे की नाही, हे प्रश्न नेहमीच्या प्लेसमेंट एजन्सीच्या अर्जात कुठेच बसत नाहीत. अशी एजन्सी तुमचा अनुभव, शिक्षण आणि अपेक्षित पगार विचारून मोकळी होते. म्हणून मी मानसिक आजार असलेल्यांना नोकरी मिळवून देणाऱ्या एका खास सेवेकडे वळले. या परीक्षणात संस्थेचे नाव महत्त्वाचे नाही. अशा सेवा ज्या पद्धतीने चालतात, तिचे बरेवाईट मला लिहायचे आहे.

ही सेवा ‘इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट’ या पद्धतीवर चालते. रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी ही पद्धत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात विकसित केली. त्याआधी सर्वसाधारण रीत अशी होती की रुग्णाला आधी संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे फक्त रुग्णांसाठी चालवलेल्या कामाच्या जागी, बसवायचे, तिथे तो ‘तयार’ होईपर्यंत वाट पाहायची आणि मगच बाहेरच्या नोकरीचा विचार करायचा. अनेकांच्या बाबतीत तो दिवस उजाडतच नसे. नव्या पद्धतीने हा क्रम उलटा केला: आधी खुल्या बाजारातली खरी नोकरी, आणि लागेल ते शिक्षण व आधार त्या नोकरीत असतानाच. प्रवेशाची अट एकच, ती म्हणजे तुम्हाला काम करायची इच्छा हवी. निदान कोणते आहे किंवा आजाराची लक्षणे पूर्ण आटोक्यात आहेत का, यावरून कोणाला परत पाठवले जात नाही.

पहिल्या भेटीतच मला या सेवेचा वेगळेपणा जाणवला. सल्लागार बाईंनी बायोडेटा बाजूला ठेवून आधी माझ्या झोपेबद्दल विचारले. फिरत्या पाळ्यांमुळे झोपेचे वेळापत्रक बिघडले तर उन्मादाचा, म्हणजे अति उत्तेजित अवस्थेचा, टप्पा सुरू होऊ शकतो, म्हणून रात्रपाळीच्या जागा त्यांनी यादीतून आधीच काढून टाकल्या. भट्टीजवळचे, सतत घाम काढणारे एक कामही त्यांनी सुचवले नाही, कारण मी या आजारावरचे लिथियम हे औषध घेते आणि शरीरातले पाणी कमी झाले की रक्तातली लिथियमची पातळी वाढण्याचा धोका असतो. हे त्यांना ठाऊक होते, कारण सेवेच्या पद्धतीतच सल्लागाराने उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संपर्कात राहणे अपेक्षित आहे. त्यासाठी अर्थातच माझी लेखी संमती घेतली होती.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे आजाराबद्दल कोणाला किती सांगायचे, याची तयारी. एका कागदावर आम्ही दोन रकाने केले: मालकाला सांगण्याजोगे आणि न सांगण्याजोगे. आजाराचे नाव दुसऱ्या रकान्यात गेले. पहिल्या रकान्यात उरले ते एवढेच: ‘मधल्या काळात प्रकृतीमुळे मला काम करता आले नाही. आता नियमित उपचार चालू आहेत आणि या कामाच्या वेळा मला जमतील.’ लिथियममुळे माझी बोटे किंचित थरथरतात, आणि मुलाखतीत समोरच्याला ती थरथर म्हणजे घाबरटपणा वाटतो. त्यासाठी ‘औषधामुळे हात जरा थरथरतो, कामाला त्याची अडचण येत नाही’ हे वाक्य बाईंनी माझ्याकडून सहज, हसतमुखाने म्हणता येईपर्यंत म्हणवून घेतले. आजार मुळीच न सांगण्याचा पर्यायही त्यांनी तितक्याच गांभीर्याने समोर ठेवला. न सांगितल्यास कामाच्या वेळांत सवलत मागणे कठीण जाते, सांगितल्यास चारचौघांत बोभाटा होण्याची भीती असते. या दोहोंतून निवड करणे माझ्याकडे होते आणि त्यांनी मला कुठेही ढकलले नाही.

आता उणिवांकडे येते. सल्लागार मध्येच बदलल्या. नव्या बाई मनमिळाऊ होत्या, पण सगळा पूर्वेतिहास पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागला, आणि आजाराचा इतिहास परक्या माणसापुढे नव्याने उलगडणे ही काही फॉर्म भरण्याइतकी सोपी गोष्ट नव्हे. सुचवलेल्या जागांमध्ये माहिती भरणे आणि पॅकिंग यांची भाऊगर्दी होती. माझे शिक्षण आणि जुना अनुभव पाहता हे मला खटकले. उमेदवाराच्या पसंतीला प्राधान्य देणे हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. प्रत्यक्षात ते पदरात पाडून घ्यायला मला आग्रह धरावा लागला.

यशाच्या मोजमापाबद्दलही माझी तक्रार आहे. लंडन, झुरिक, सोफिया यांसह सहा युरोपीय शहरांतल्या 312 रुग्णांवरचा अभ्यास 2007 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या पद्धतीच्या गटातील 55 टक्के लोकांना काम मिळाले, तर नेहमीच्या पुनर्वसन सेवेतल्या 28 टक्क्यांना. फरक मोठा आहे, आणि नोकरीच्या ताणाने माणूस पुन्हा रुग्णालयात जाईल या घरच्यांच्या भीतीलाही तिथे उत्तर मिळते, कारण रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण या गटात उलट कमी होते. मात्र ‘काम मिळाले’ याचा अर्थ तिथे किमान एक दिवस काम केले, असा होता. आमच्यासारख्यांची खरी परीक्षा नोकरी लागल्यानंतर, पहिला उत्साह ओसरल्यावर आणि मन खाली जाऊ लागल्यावर सुरू होते. मी जिची सेवा घेतली ती संस्थाही किती जणांना नोकरी लागली हे ठळकपणे सांगते. किती जणांची टिकली, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

तरीही नोकरी लागल्यावरचा पाठपुरावा या सेवेत आहे, आणि माझ्या बाबतीत तो नावापुरता नव्हता. नव्या बाई सुरुवातीला दर आठवड्याला फोन करत असत. सकाळच्या बैठका उशिरा ठेवण्याची विनंती वरिष्ठांना कोणत्या शब्दांत करायची, हेही त्यांनीच बसून लिहून दिले आणि ती विनंती मान्य झाली. तुम्ही अशा सेवेत नाव नोंदवणार असाल, तर हा पाठपुरावा किती काळ चालतो आणि सल्लागार बदलल्यास तुमची फाईल पुढच्या व्यक्तीला कोण समजावून सांगते, हे दोन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तरे लेखी मागा.