फ्रेंच राज्यक्रांती : आधी कोणाला वाचावं?

राज्यक्रांतीवर एकाच इतिहासकाराला नीट वेळ देता येणार असेल, तर कोणाला निवडावं? मी कसोटी लावते ती एका रात्रीची. 4 ऑगस्ट 1789, व्हर्साय. राष्ट्रीय सभेत उमराव आणि धर्मगुरू एकामागून एक उठले आणि आपले सरंजामी हक्क सोडत गेले. का सोडले?

फ्रेंच इतिहासकार जॉर्ज लफेव्र उत्तर शोधायला खेड्यात जातो. त्या जुलैत काही भागांत शेतकऱ्यांनी उमरावांच्या गढ्यांवर चालून जाऊन उमरावांना द्यायच्या देण्यांची दप्तरं जाळली. शिवाय ‘दरोडेखोर येताहेत’ ही अफवा गावोगाव पसरली. हा उठाव आणि ही भीती लफेव्र एकात मिसळत नाही; अफवा कुठून निघाली, कोणत्या वाटेने गेली, हे तो गावागणिक शोधतो. 1932 चं त्याचं हे काम मला आजही थक्क करतं. त्याच्या मते क्रांती एक नव्हतीच, चार होत्या : उमरावांची, बूर्झ्वांची (म्हणजे उमराव नसलेल्या सुखवस्तू शहरी लोकांची), शहरी जनतेची आणि शेतकऱ्यांची. त्याची मांडणी मार्क्सवादाकडे झुकलेली आहे, तरी त्याचा शेतकरी कोणाच्या मागून चालत नाही. पुढे आल्बेर सोबूलने पॅरिसच्या कष्टकऱ्यांवर असंच काम केलं, पण क्रांती म्हणजे वर्गांमधली लढाई, ही चौकट तिथे जास्त घट्ट आवळलेली वाटते.

इंग्रज इतिहासकार आल्फ्रेड कॉबन याच चौकटीवर घाव घालतो. सभेत नेमकं बसलं होतं कोण? तिसऱ्या वर्गाच्या, म्हणजे उमराव आणि धर्मगुरू सोडून बाकी सगळ्यांच्या, प्रतिनिधींत व्यापारी, कारखानदार आणि सावकार मिळून सुमारे 13 टक्के. भरणा वकिलांचा आणि सरकारी पदं धारण करणाऱ्यांचा. मग ही भांडवलदारांची क्रांती कशी? मराठी वाचकाने इथे जरा थांबावं. आपल्याकडे ‘बूर्झ्वा’चा अनुवाद कधी ‘भांडवलदार’ होतो, कधी ‘मध्यमवर्ग’. पहिला शब्द वापरला की वाद सुरू होण्याआधीच निकाल लागतो. कॉबनचा दुसरा मुद्दाही बिनतोड आहे : ऑगस्टच्या ठरावांनी बरीचशी देणी भरपाई देऊनच सुटणार होती. ती विनामोबदला रद्द झाली जुलै 1793 मध्ये, शेतकऱ्यांनी ती भरायचंच नाकारल्यावर. खेड्याच्या रेट्याबाबत तो लफेव्रच्या बराच जवळ येतो.

फ्रेंच इतिहासकार फ्रांस्वा फ्यूरेला वर्गापेक्षा भाषा महत्त्वाची वाटते. राजाची जागा ‘जनतेने’ घेतली की जनतेच्या नावाने कोण बोलणार, हीच सत्तेची लढाई होते. दहशतपर्वाची, म्हणजे 1793-94 मधल्या शिरच्छेदांच्या काळाची, बीजं त्याला 1789 मध्येच दिसतात. तर्क धारदार आहे, पण जळणारी दप्तरं त्यात दिसेनाशी होतात, आणि मला ते खटकतं.

म्हणून माझं मत : सुरुवात लफेव्रपासून करा. 1939 मध्ये क्रांतीच्या दीडशेव्या वर्षी त्याने सामान्य वाचकांसाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने त्याच्या प्रती नष्ट करवल्या होत्या. ते वाचा आणि लगेच कॉबन घ्या. स्वातंत्र्याच्या घोषणेतून गिलोटिन कसं आलं, हाच प्रश्न छळत असेल, तर मात्र थेट फ्यूरेकडे जा.

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच विचारवंत तोकव्हिल राहिला. त्याचं पुस्तक 1856 चं, पण शेतकऱ्याच्या संतापाचं त्याने दिलेलं कारण अजून ताजं आहे. फ्रान्समध्ये पुष्कळ शेतकरी जमिनीचे मालक झाले होते. उमराव गावाचा कारभार पाहत नव्हता, रस्त्यांसारखी कामं राजाच्या अधिकाऱ्यांकडे गेली होती, तरी देणी मात्र चालूच होती.